ताईचा पेपर आणि आत्याचं ताट

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्हाला एका बंद दाराशी बसवलं आहे. दार पत्र्याचं आहे आणि त्याला आतून कडी नाही. आत तुमची मोठी बहीण पेपर देते आहे. तुमचं काम एवढंच, की ती स्वतः बाहेर येईपर्यंत कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही. बसलात? मांडी घाला, पाठ दाराला टेकवा. हर्षाली तशीच बसली होती, आणि याहून सोपं काम जगात नसेल असं तिला वाटत होतं.

हर्षाली सहावीत होती. तेरला नदीकडच्या आळीत तिचं घर. वडील बालाजी, ज्यांना ती अण्णा म्हणायची, गावच्या शाळेत शिपाई होते आणि त्या सकाळी शाळेतच होते. आई सोयाबीन काढायला रानात गेली होती. आजोबा मेंढरं घेऊन माळाला. घरात उरल्या तिघी: दाराआड अयोध्याताई, दारात हर्षाली आणि चुलीपाशी माकणीहून आलेली दैवशाला आत्या.

अयोध्यानं धाराशिवच्या कॉलेजातून पदवी घेतली होती. मग ती तिथंच महारुद्र सरांच्या क्लासला डेटाबेस शिकायला जाऊ लागली. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं, आणि आल्यावर दिवसभराचं शिकलेलं हर्षालीला शिकवायचं. दुसऱ्याला शिकवल्याशिवाय आपल्याला आलं का ते कळत नाही, असं ती म्हणायची.

डेटाबेस म्हणजे काय, हे तिनं हर्षालीला मेंढरांवरून समजावलं. आजोबांच्या कळपात दोन मेंढ्यांना काळी म्हणत. समजा आजोबा म्हणाले, काळी लंगडतीय, तिला औषध पाज. कुठल्या काळीला पाजशील? हर्षालीनं विचार करून सांगितलं होतं, की आजोबा कानाची खाच सांगतील, त्या खाचेच्या काळीला. अयोध्या खूश झाली. नाव दोघींचं एक असलं तरी चालतं, पण खाच जिची तिची वेगळी हवी. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीलाही अशी एक खाच लागते. मग एका तक्त्यात मेंढरं लिहा, दुसऱ्यात औषधं लिहा आणि दोन्हीकडं खाच लिहा, म्हणजे कुठल्या मेंढीला कुठलं औषध कधी पाजलं, ते विचारलं की लगेच समोर येतं.

क्लासनं वापरायला दिलेल्या लॅपटॉपवर अयोध्यानं हर्षालीला तिचा स्वतःचा तक्ता करून दिला होता. त्यात आजोबांची सगळी मेंढरं होती. शाळेतून आल्यावर हर्षाली त्यात रंग, वय, कोण कुणाचं कोकरू, असं भरत बसायची, आणि मग एखादा प्रश्न टाइप करून उत्तर उमटलं की उड्या मारायची.

आता तुम्ही विचाराल, अयोध्याला एवढं येत होतं तर पेपर कशाला हवा? हर्षालीनंही विचारलं होतं. त्यावर अयोध्यानं सरांचंच बोलणं सांगितलं. ज्ञान डोक्यात असतं हे खरं, पण कंपनीवाले डोकं उघडून बघत नाहीत. एका जागेसाठी पोतंभर अर्ज येतात. हा पेपर पास होऊन ज्याच्याकडं डेटाबेसच्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र असतं त्याचा अर्ज ते वाचतात, बाकीचे उघडतही नाहीत. चाळणीसारखं आहे ते. चाळणीला गहू गोड का कडू ते कळत नाही, पण चाळणीतून गेल्याशिवाय जात्यापर्यंत पोचता येत नाही. पुण्याच्या एका कंपनीनं सरांना शब्द दिला होता, की तुमच्या क्लासचं जे मूल ह्या महिन्यात प्रमाणपत्र आणेल त्याला घेऊ.

घरात मात्र ह्या पेपरावर नोकरीहून मोठी गोष्ट टांगलेली होती. आपल्याकडं भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क मानतात. दैवशाला आत्याला अयोध्या सून म्हणून हवी होती, तिच्या रणधीरसाठी. रणधीरचा ट्रॅक्टर होता. एकदा जेवताना त्यानं, शेजाऱ्याचं कुत्रं आपण मुद्दाम चाकाखाली कसं घेतलं, ते हसत हसत सांगितलं होतं. त्या दिवशी हर्षालीला भाकरी गिळवली नव्हती. अयोध्यानं ताट सरकवून दिलं होतं. अण्णा मान खाली घालून जेवत राहिले होते.

अण्णांना बहिणीपुढं बोलता येत नसे. त्यांची आई ते रांगत असतानाच गेली. दैवशालानं त्यांना कडेवर वाढवलं, आपल्या घासातला घास दिला, त्यांच्यासाठी स्वतःचं लग्नही लांबवलं. हे ती बोलून दाखवत नसे. बोलायची गरजच नव्हती. तरी एकदा अण्णांनी धीर केला आणि मधला मार्ग काढला. पोरगी ह्या पेपरात पास झाली तर तिला पुण्याला जाऊ द्यायचं. न्हाय झाली तर दिवाळी उलटली की सुपारी फोडायची. आत्यानं क्षणभर भावाकडं पाहिलं आणि बरं म्हणाली. इतक्या सहज बरं म्हणाली, की आईला हायसं वाटलं.

पेपर त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या केंद्रावर जाऊन देता आला असता, पण ते केंद्र पुण्याला. तरण्या पोरीनं परगावी मुक्काम कुठं करायचा, ह्यावरून अण्णा अडून बसले. म्हणून अयोध्यानं घरूनच द्यायचं ठरवलं. त्यालाही मुभा होती, मात्र नियम भलते कडक. खोलीत एकटंच बसायचं. आधी कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या. अयोध्यानं आई-अण्णांना एवढंच सांगितलं, की त्या सकाळी घरात शांतता हवी. बाकीचे नियम तिनं हर्षालीला समजावले, कारण त्या दिवशी शाळा बुडवून दार राखायला तीच बसणार होती.

पेपराच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या आणि हर्षाली ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. आत्यानं सहज विचारावं तसं विचारलं, की उद्या पोरगी आत बसून नेमकं करणार काय. मोठ्या माणसाला आपण काही समजावून सांगतोय, ह्याचा आनंद तुम्हाला ठाऊक आहेच. हर्षाली खुलली. तिनं लॅपटॉप, कॅमेरा, घड्याळ, सगळं हातवारे करून सांगितलं.

"आन कुणी चुकून आत गेलंच, तर?" आत्यानं शेंग दाबली.

"तर पेपर तिथंच बंद, आत्या. तिकडून माणूस बघत असतो. बोलायचं न्हाय, मागं बघायचं न्हाय, व्हट बी हालवायचं न्हाय."

"मांजर गेलं तर?"

हर्षाली विचारात पडली. "मांजराला माफ असंल. माणूस नको."

"लई कडक हाय की गं," आत्या म्हणाली, आणि हसून तिनं फोडलेले दाणे हर्षालीच्या ओंजळीत घातले. "खा. हुशार हायस तू."

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. आतून फक्त बटणांचा टकटक आवाज येत होता. हर्षाली पाठीनं तो आवाज ऐकत होती. तेवढ्यात आत्या आली. तिनं न्हाऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. हातात ताट, ताटात निरांजन, कुंकवाची कोयरी आणि साखर. निरांजन पेटलेलं होतं.

हर्षाली उठून आडवी उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, की आत्या, आता न्हाय, पेपर झाल्यावर ओवाळा. आत्या तिच्याशी वाद घालत बसली नाही. ती नुसती उभी राहिली, पदरानं वारा अडवत. ऑक्टोबरची उन्हं, ओसरीवर झुळूक आली की ज्योत आडवी व्हायची आणि पुन्हा उभी राहायची.

दारात आलेला दिवा माघारी पाठवायचा नसतो. ह्या घरात हे चालायला लागण्याआधी कानावर पडतं. ओवाळायला आलेलं ताट परतवलं तर ज्याच्यासाठी ते आलं त्याचंच वाईट होतं. हर्षालीनं बघितलं होतं, दारात ताट आलं की अण्णा जेवता जेवता उठून पाटावर बसतात. आजोबा मेंढरं सोडून येतात.

"विझला तर तुझ्या बहिणीचं काय हुईल, तूच बघ," आत्या म्हणाली. "माझं काय जातंय."

झुळूक आली. ज्योत निळी होऊन वातीला चिकटली. हर्षालीला कळेना काय करावं. कॅमेऱ्यातला तो माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. दिवा मात्र तिच्या डोळ्यांपुढं विझायला आला होता. तिनं ज्योतीला आडोसा द्यायला दोन्ही हात पुढं केले आणि त्यासाठी दारापासून पाऊलभर सरकली. तेवढं पुरलं. आत्यानं कमरेनं दार लोटलं आणि ती आत गेली.

अयोध्यानं मान वळवली नाही. वळवायचीच नव्हती. तिचे डोळे मात्र एकदम मोठे झाले. आत्या तिच्या आणि लॅपटॉपच्या मधोमध उभी राहिली, अंगठ्यानं कपाळावर कुंकू दाबलं, सावकाश ओवाळलं, पुन्हा ओवाळलं. अयोध्या ओठ घट्ट मिटून किंचित मान हलवत होती, नको, नको. आत्यानं तिची हनुवटी धरली, बोटांनी ओठ उघडले आणि आत साखर घातली.

"यश घे गं बाई," ती मोठ्यानं म्हणाली.

लॅपटॉपमधून एका माणसाचा आवाज आला. तो इंग्रजीत काहीतरी सांगत होता, रागानं नाही, अगदी शांतपणे. मग पडद्यावरचा प्रश्न गेला, घड्याळ गेलं आणि पांढऱ्या पडद्यावर चारच ओळी राहिल्या. अयोध्या त्या ओळींकडं बघत बसली. तोंडातली साखर तिनं गिळली नाही, थुंकलीही नाही. आत्यानं ताट खाली ठेवलं आणि चुलीकडं निघून गेली, कालवण लागेल म्हणत.

दुपारी मेल आला. खोलीत दुसरी व्यक्ती आल्यामुळं पेपर रद्द, आणि वर्षभर पुन्हा बसता येणार नाही. महारुद्र सरांनी फोनवर समजूत घातली. पेपर घेणाऱ्यांना विनंतीचा अर्जही करून पाहिला. उत्तर आलं, की नियम सगळ्यांना सारखा आहे. वर्ष असं जातं गं, असं सर म्हणाले. वर्ष कसं जातं ते ज्याच्या त्याच्या घरावर असतं, हे सरांना काय ठाऊक?

संध्याकाळी अण्णांपुढं आत्या पदर डोळ्यांना लावून रडली. आपण अडाणी बाई, आपल्याला त्या मशिनीतलं काय कळतंय, लेकराला यश यावं म्हणून गेले, असं म्हणाली. अण्णा म्हणाले, अक्का, ओवाळणाऱ्या हाताला कोण बोल लावंल. आजोबांनीही मान डोलावली. मग सगळ्यांचं लक्ष एकाच वेळी कोपऱ्यात उभ्या असलेल्या हर्षालीकडं गेलं. आई म्हणाली, तुला कशाला बसवलं होतं मग तिथं? एवढं एक काम सांगितलं होतं.

हर्षालीनं ताईकडं पाहिलं. ताई तरी आपल्या बाजूनं बोलेल, असं तिला वाटलं. अयोध्यानं लॅपटॉप पुढं ओढला. मेंढरांचा तक्ता उघडला, सगळ्या ओळी निवडल्या आणि एका बटणानं पुसून टाकल्या. पडदा हर्षालीकडं फिरवून दाखवलाही.

"तुला शिकवलं, तितंच माझं चुकलं," ती म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस ती तिच्याशी बोलली नाही.

त्याच क्लासातली वर्षाराणी पास झाली. दोन तक्ते जोडायचे कसे ते तिला अयोध्यानंच एसटीत शेजारी बसून शिकवलं होतं. पुण्याच्या कंपनीनं वर्षाराणीला घेतलं. तिच्या काकांनी स्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स लावला: वर्षाराणी खुर्चीत बसलेली, मागं कंपनीची काचेची इमारत, खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या गावाचे फोटो. अयोध्या लॅपटॉप परत द्यायला धाराशिवला निघाली, तेव्हा एसटी येईपर्यंत तिला त्या फ्लेक्सखालीच उभं राहावं लागलं. हर्षाली पिशवी धरून सोबत होती. वर्षाराणीच्या आईनं थांबून विचारलं, तुझ्या पेपराचं काय झालं गं? तिला सगळं माहीत होतं. अयोध्यानं खाली बघत सांगितलं, की राहिला.

आत्या माकणीला गेलीच नाही. आता इथंच सुपारीची तयारी करायची म्हणाली. एकदा हापशावर ती आणि हर्षाली दोघीच होत्या. हर्षाली दांडा मारत होती, आत्या घागर धरून होती. घागर भरत आली तेव्हा हर्षालीनं विचारलं, की आत्या, तुम्हाला तर म्या सांगितलं होतं, आत गेलं की पेपर बंद.

आत्या वाकलेलीच राहिली. मग तिनं वर पाहिलं, आणि तिच्या तोंडावर राग अजिबात नव्हता. शेंगा फोडताना होती तशीच ती हसली.

"व्हय की. तूच सांगितलंस म्हणून कळलं. न्हायतर मला अडाणीला काय ठाऊक?" तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. "जा, सांग की घरी. ताट घेऊन आलेल्या बाईला कोण नावं ठेवतंय बघू. आन तुलाच इचारतील, तू का सांगितलंस म्हणून. दे, घागर उचलू लाग."

हर्षालीनं घागर उचलायला हात लावला. दुसरं काय करणार? मोठ्यांनी घागर उचल म्हटलं की हात आपोआप पुढं होतात.

तरीही ती सांगायला गेली. अण्णा शाळेच्या मागं घंटेची दोरी बदलत होते. हर्षालीनं त्यांना शेंगांपासून हापशापर्यंत सगळं सांगितलं. आता मार बसेल किंवा खोटं बोलतेस म्हणतील, अशी तिची तयारी होती. दोन्हीही झालं नाही. अण्णांनी गाठ घट्ट केली आणि पायरीवर बसले.

"खरं असंल," ते म्हणाले. "अक्का तसं करंल. मला पटतंय."

हर्षालीला वाटलं, आता सुटलो. अण्णा उठतील, घरी जातील, सुपारीचा बेत मोडतील.

"पर ताईला ह्यातलं बोलायचं न्हाय," अण्णा म्हणाले. "तिला आता त्याच घरी नांदायचंय. हे कळून ती कशी नांदंल, सांग बरं. तुझा राग करतीय तर करू दे. तू लहान हायस, तुझं काय बिघडत न्हाय."

मग त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवी दोरी ओढून घंटा एकदा वाजवून पाहिली. पोरं पटांगणात पळत सुटली. तीही त्यांच्यातून चालत घरी आली.

दिवाळी झाली. सुपारीचा दिवस ठरला. माकणीहून रणधीर आणि त्याच्याकडची माणसं आली, आजोबांशेजारी सतरंजीवर बसली. गावातले वडीलधारे गुंडप्पाही आले, कारण सुपारी त्यांच्या हातून फुटायची होती. त्याच पत्र्याच्या दाराच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधे अयोध्या. कासारीण तिचा डावा हात साबणाच्या पाण्यानं ओला करून त्यात हिरव्या बांगड्या चढवत होती. आत्या शेजारी बसून कासारणीला सांगत होती, की घट्ट भर, सैल नको, सैल बांगडी बाईला शोभत न्हाय. बायका हसत होत्या. अयोध्याच्या अंगठ्याच्या बुंध्याशी कातडं लाल झालं होतं, तरी ती हात तसाच पुढं धरून होती.

हर्षालीला आईनं पाणी द्यायला पाठवलं होतं. ती तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिनं ताईचा चेहरा पाहिला. तो रागावलेला नव्हता, रडवेला नव्हता. मेल आला त्या दुपारपासून तो तसाच कोरा होता. अण्णांचं बोलणं तिला आठवलं: कळून कशी नांदंल. पण न कळता ती कशी नांदणार आहे, ते तर समोरच दिसत होतं.

बाहेर गुंडप्पांनी विचारलं, की पोरीकडचं सगळं तयार हाय का? आत्यानं आतूनच ओरडून सांगितलं, तयार हाय, एक हात राहिलाय.

हर्षालीनं तांब्या खाली ठेवला. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती पुढं गेली. कासारीण अयोध्याचा उजवा हात धरायला वाकली, त्याआधी हर्षालीनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. अयोध्यानं ओढून घ्यायचा प्रयत्न केला. हर्षालीनं सोडला नाही.

"ताई, पेपराच्या आदल्या दिशी म्या आत्याला सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली. "कुणी आत आलं की पेपर बंद हुतो, हे बी. आत्यानं ते माहीत असून ताट आणलं. अण्णांना ठाऊक हाय."

खोलीतलं हसणं थांबलं. आत्या म्हणाली, पोरगी काय बी बरळतीय, उचला तिला. आईनं पाठीमागून दंडाला धरून ओढलं. दारात अण्णांची सावली आली. हर्षाली पुढं बोलत राहिली, हापशावरचं, शाळेमागचं, एकेक, रांगेनं, ताईच्या डोळ्यांत बघत, कुणी काय म्हणतंय तिकडं अजिबात न बघता.